चाळीस अंशांसाठी चंद्रपूर जाळता?

गच्चीवरचं पाणी तापवायचं सोलर भंगारात काढायचं आणि ज्याने त्याने आपापल्या बाथरूममध्ये हवा तेवढा मोठा गिझर बसवायचा, असा ठराव सोसायटीच्या परवाच्या वार्षिक सभेत तुम्ही मंजूर केलात. विरोधात मत एकच पडलं, ते माझं. बोलायला दोन मिनिटं मिळाली आणि त्यातलं एक माइक सुरू होण्यात गेलं. म्हणून आता लिहून देते. वाचताना राग आला तरी चालेल, पण मधेच सोडायचं नाही.

तुमच्या कमिटीतल्या निम्म्या लोकांना मी विज्ञान शिकवलंय. आज कोणी सचिव आहे, कोणी खजिनदार आहे, कोणी मोठ्या कंपनीत इंजिनीअर आहे. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. ते कशासाठी शिकवलं होतं? उत्तरपत्रिकेत लिहून मोकळं होण्यासाठी? परवा सभेत एकाच्याही हातात कागद-पेन्सिल नव्हती. ‘सोलरचं काही खरं नाही हो’ एवढ्या एका वाक्यावर भराभर हात वर झाले. अशिक्षित माणसाने असा ठराव केला असता तर मी गप्प बसले असते. तुम्ही केलात म्हणून बोलते.

तेव्हा न केलेलं गणित आता करू. हिवाळ्यात टाकीतलं पाणी साधारण २२ अंशांचं असतं आणि अंगावर घ्यायला ४० अंशांचं पुरतं. म्हणजे वाढवायचे १८ अंश. वीस लिटरच्या बादलीला ३६० किलोकॅलरी. एका युनिट विजेतून ८६० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे एका बादलीला अर्ध्या युनिटहूनही कमी वीज. चौघांच्या घराला महिन्याला साधारण ५० युनिट. आता तोच हिशोब शॉवरचा करा. मिनिटाला १० लिटर पाणी सोडणाऱ्या शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं, की १०० लिटर गेले. त्या पाच बादल्या झाल्या. चौघांचे महिन्याला २५० युनिट. माणसं तीच, अंगं तीच, मळही तेवढाच, खर्च पाचपट. महावितरणच्या बिलात १०० युनिटनंतर आणि ३०० युनिटनंतर दराचा टप्पा चढतो, हे खजिनदारबाईंना मी सांगायला नको. घरातले दिवे, पंखे आणि फ्रिज खालचे टप्पे भरून टाकतात आणि गिझरचे युनिट वरच्या टप्प्यात जाऊन बसतात. वीज महाग झाली म्हणून सरकारच्या नावाने बोटं मोडता, पण आपल्या घरात ती कोण खातं हे एकदाही बघितलं नाहीत.

आता ही वीज येते कुठून? देशातल्या विजेपैकी जवळपास तीन चतुर्थांश वीज कोळशातून होते. महाराष्ट्रात चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, पारस, परळी. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. तिथे कोळसा जाळून सुमारे ५४० अंशांची वाफ करतात, ती टर्बाइनवर सोडतात आणि एवढं सगळं करून कोळशातल्या उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्सा विजेत उतरतो. उरलेली उष्णता धुराड्यातून आणि थंड करणाऱ्या मनोऱ्यांतून हवेत जाते. ती वीज शेकडो किलोमीटर तारांतून आणायची आणि पुन्हा तिची उष्णता करून २२ अंशांचं पाणी ४० अंशांवर न्यायचं! ढेकूण मारायला तोफ आणतात ती अशी. एका युनिटमागे अर्ध्या किलोहून जास्त कोळसा जळतो. शॉवरवालं घर दिवसाला आठ-साडेआठ युनिट पाणी तापवण्यात घालवतं; म्हणजे रोज चार किलोंहून अधिक कोळसा, एका घराच्या आंघोळीसाठी. राख चंद्रपूरच्या लोकांच्या दारात पडते, म्हणून तुम्हाला दिसत नाही. परळीचं केंद्र २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, हेही लक्षात असू द्या. तुमचं पाणी गरम करायला आधी दुसऱ्या कोणाचं तरी पाणी खर्ची पडतं.

यावर सभेत मागच्या रांगेतून उत्तर आलं, ‘बाई, आम्ही फाइव्ह स्टार घेणार आहोत.’ टाळ्या पडल्या. ते तारे काय मोजतात, हे त्या लेबलवर कोणी वाचलं का? विजेचा हीटर जवळजवळ सगळी वीज उष्णतेत बदलतोच. एक तारा असो की पाच, त्यात फरक पडायला जागाच नाही. साठवणीच्या गिझरवरचे तारे मोजतात ते टाकीतली उष्णता निसटण्याचं प्रमाण. पाणी भोवतालच्या हवेपेक्षा ४५ अंशांनी गरम ठेवलं तर चोवीस तासांत किती वीज वाया जाते, एवढंच. म्हणजे तुम्ही आंघोळीआधी वीस मिनिटं बटण दाबून नंतर बंद करत असाल तर त्या पाच ताऱ्यांचा फायदा किरकोळ. दिवसभर चालू ठेवत असाल तर फायदा आहे, पण मग खोट ताऱ्यांत नसून तुमच्या सवयीत आहे. आणि ‘इन्स्टंट’वाल्यांनीही हुरळून जाऊ नये. तीन किलोवॉटचा इन्स्टंट गिझर १८ अंश वाढवून मिनिटाला अडीच लिटरही पाणी देत नाही. त्यावर छताला ताटाएवढा शॉवर लावणाऱ्याने हिवाळ्यात कुडकुडायची तयारी ठेवावी.

शिवाय इमारतीचा विचार कोण करणार? आपल्याकडे ४८ सदनिका आहेत. सकाळी साडेसहाला घरटी दोन किलोवॉटचा एक गिझर लागला की झाले ९६ किलोवॉट. त्या वेळी सौर पॅनेलची वीज जवळपास शून्य असते, त्यामुळे बहुतेक भार कोळशावर. उद्या केबल तापली आणि मंजूर भार वाढवून घ्यायची वेळ आली, की वर्गणी मागायला तुम्हीच दारोदार फिराल.

आता तुमच्या सोलरविरोधी सबबी. एकेक घेते.

पहिली सबब, ‘यंत्रणा लहान आहे.’ दोन हजार लिटरच्या टाक्या आहेत, ४८ घरांत वाटल्या तर घरटी ४१ लिटर. ऐकायला कमी वाटतं, कारण तुम्ही पाणी मोजता आणि तापमान विसरता. चांगल्या उन्हाच्या दिवसानंतर सकाळी टाकीत ५५ अंशांचं पाणी असलं, तर ते ४१ लिटर २२ अंशांच्या पाण्यात मिसळून ४० अंशांचं ७५ लिटर होतं. जवळपास चार बादल्या. चौघांच्या घराला प्रत्येकी एक. यंत्रणा बादलीला पुरेशी आहे, शॉवरला अपुरी आहे. हे उघड सांगायची लाज वाटते, म्हणून बिल्डरवर खापर फोडता.

दुसरी सबब, ‘गरम पाणी यायला वेळ लागतो, बादलीभर गार पाणी वाया जातं.’ हे खरं आहे. पाऊण इंची पाईपच्या पंचवीस मीटरांत जवळपास आठ लिटर पाणी रात्रभर गार होत उभं असतं. ते आधी बाहेर येणारच. पण त्यावर उपाय नाही असं कोणी सांगितलं? उघड्या पाईपांवर उष्णतारोधक वेष्टण चढवायचं, परतीची एक नळी टाकून छोटा पंप बसवायचा आणि तो सकाळी काही मिनिटं टायमरवर चालवायचा. आणि तोवर ते आठ लिटर बादलीत धरून लादी पुसायला वापरायला कोणाची बंदी आहे?

तिसरी सबब, ‘सात वाजल्यानंतर कोमटच येतं.’ याचं कारण मी स्वतः प्लंबरला घेऊन शोधून आले. कमिटीने हे करायला हवं होतं. आपल्यातल्या कित्येक बाथरूममध्ये मिक्सरचे गार-गरम दोन्ही नळ उघडे ठेवून फक्त हँड शॉवरचा खटका बंद करतात. तसं केलं की गार पाणी, त्याचा दाब जास्त असेल तर, मिक्सरमधूनच गरम पाण्याच्या लाइनीत शिरतं. एका घराचा आळस, सगळ्या विंगला कोमट पाणी. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह ही महागडी वस्तू नाही. ती बसवायची सोडून अख्खी यंत्रणाच भंगारात?

चौथी सबब, ‘ट्यूब खराब झाल्या.’ खराब झाल्या म्हणजे काय, हे बघायला गच्चीवर किती जण गेलात? दोन काचनळ्या फुटल्या आहेत. काचनळ्या सुट्या बदलता येतात. बाकीच्यांवर बोटभर धूळ आहे. आत बोअरच्या पाण्याचा क्षार बसला आहे, कारण टँकर आणि बोअर सुरू झाल्यापासून एकदाही आतून साफसफाई झालेली नाही. तांब्याच्या नळ्यांच्या सपाट पॅनेलपेक्षा काचनळ्यांची यंत्रणा जड पाण्यात जास्त तग धरते, पण म्हणून तिला हातच लावायचा नाही असं नव्हे. आणि टाकीच्या डोक्यावरची हवेची नळी कोणीतरी बूच मारून बंद केली आहे. त्या नळीतून हवा आत-बाहेर जाते म्हणून टाकीवर दाब येत नाही. ती बंद करणाऱ्याला आजच बोलावून घ्या. टाकी पिचली असती, फुटलीही असती.

पाचवी सबब, ‘पावसाळ्यात काय?’ पावसाळ्यात ढग असतात, हा शोध तुम्ही लावलेला नाही. जून ते सप्टेंबर गिझर लागेल, लावा. चार महिने लागतो म्हणून बाराही महिने लावायचा, हे कुठल्या पुस्तकात वाचलंत? आणि ‘तंत्रज्ञान अजून नवीन आहे’ म्हणणाऱ्या तरुण सभासदाने ऐकावं. अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने सौर बंबाचं पेटंट १८९१ साली घेतलं. इस्राएलने १९८० मध्ये नव्या घरांना सोलर सक्तीचं केलं. तेल अवीव ३२ अंश अक्षांशावर आहे आणि पुणे साडेअठरावर. ऊन आपल्याकडे जास्त आणि सबबीही आपल्याकडेच जास्त.

या सगळ्यावर कडी म्हणजे मिळकत कर. पुणे महापालिका सोलर, पर्जन्यजलसंधारण आणि गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर मिळकत करात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के सवलत देते. आपली यंत्रणा मागचा हिवाळाभर बंद होती आणि सवलत मात्र आपण घेतली. खालच्या दिवाणखान्यात बसून भ्रष्टाचारावर तावातावाने बोलता ना? मग हे काय आहे? बंद यंत्रावर सवलत घेणाऱ्याला माझ्या वर्गात एकच शब्द होता आणि तो मी इथे लिहीत नाही, कारण नातवंडं हे वाचतील.

काही शहाण्यांनी सांगितलं, ‘सोलर वॉटर हीटर जुना झाला, आम्ही पॅनेल टाकून वीज करणार.’ पॅनेल जरूर टाका. पंतप्रधान सूर्यघर योजना २०२४ पासून आहे, अनुदान मिळतं, चांगली गोष्ट आहे. पण गच्ची सगळ्यांची मिळून एकच आहे हे विसरू नका. शंभर लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला चार युनिट उष्णता लागते. ती सरळ उन्हातून घ्यायला दोन चौरस मीटर कलेक्टर पुरतो. तेवढीच वीज पॅनेलमधून करून गिझरमध्ये घालायची तर एक किलोवॉटची यंत्रणा लागते आणि तिला साधारण दहा चौरस मीटर गच्ची. पाचपट जागा! पॅनेलची वीज पंख्याला, फ्रिजला, लिफ्टला द्या. तिच्यापासून हीटरचं वेटोळं तापवणं म्हणजे शिकलेलं सगळं पाण्यात घालणं.

ज्यांच्या वाट्याला गच्ची येत नाही, त्यांच्यासाठी हीट पंप आहे. फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हे यंत्र हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्यात सोडतं. कॉम्प्रेसर चालवायला एक युनिट वीज घेतं आणि पाण्याला साधारण तीन युनिट उष्णता देतं. यात जादू नाही, दोन युनिट हवेने दिलेले असतात. मुंबई-कोकणच्या दमट, उबदार हवेत तर ते आणखी आनंदाने चालतं. जपानने २००१ पासून घरोघरी असे पंप बसवायला घेतले आणि त्यांच्याकडचा हिवाळा आपल्यापेक्षा किती कडक! पण डोळे मिटून हेही घ्यायचं नाही. किंमत गिझरच्या कितीतरी पट आहे, टाकी तापायला काही तास लागतात, पंख्याचा आवाज होतो, ड्राय बाल्कनीत मोकळी हवा लागते. महिन्याला २५० युनिट पाण्यात घालवणाऱ्या घराचे त्यातले दीडशेहून अधिक युनिट वाचतील, त्यांनी विचार करावा. बादलीने आंघोळ करून ५० युनिटांत भागवणाऱ्या घराने हा खर्च मुळीच करू नये. त्यांनी काहीच विकत घ्यायची गरज नाही. हे वाक्य तुम्हाला दुकानात ऐकायला मिळणार नाही, म्हणून माझ्याकडून ऐका. आधी वापर आवरा, मग गळती बुजवा, यंत्र सगळ्यात शेवटी. तुमचा क्रम नेमका उलटा असतो.

आता जे बोलणार आहे त्यात थट्टा नाही. तिसऱ्या मजल्यावर दोन घरांत गॅसचा गिझर बाथरूमच्या आत, खिडकी बंद करून लावला आहे. जळणाच्या हिशोबात गॅस वाईट नाही. घरातच जाळल्याने त्यातली बरीचशी उष्णता थेट पाण्याला मिळते. पण कोंडलेल्या खोलीत प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. दाराला आतून कडी, पाणी चालू आणि माणूस बेशुद्ध. अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात आणि तुम्ही त्या हळहळत वाचून पान उलटता. ते गिझर उद्या बाहेरच्या मोकळ्या हवेत हलवायचे, धूर बाहेर नेणारी नळी लावायची. कारणं सांगायला माझ्याकडे यायचं नाही. आणि खाली सुरक्षारक्षकाच्या खोलीत बादलीत रॉड सोडून पाणी तापवतात, चालू रॉडच्या पाण्यात बोट घालून बघतात. त्यांना मी रागावणार नाही. अर्थिंग आणि गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी तिथे बसवणं तुमचं काम होतं. दोन हजार लिटरच्या लाइनीतला एक नळ त्यांना द्यायला कोणाच्या खिशाला भोक पडणार होतं?

‘बाई जुन्या काळातल्या, त्यांना बंब हवाय,’ असं कोणीतरी कुजबुजलं, तेही ऐकलं मी. बंबाचा धूर डोळ्यांत गेलेली बाई बंबाचे पोवाडे गात नसते. पण त्या बायकांची अक्कल बघा. चुलीवर भाकरी होत असताना त्याच जाळाच्या उरलेल्या आचेवर शेजारच्या वैलावर पाण्याचं भांडं असायचं. तांब्याच्या बंबात विस्तवाची नळी पाण्याच्या मधोमध, म्हणजे चहूबाजूंनी उष्णता पाण्यालाच. फुकट जाणारी आच पकडायची, हे त्यांना शाळेत न जाता कळत होतं. तुम्ही शाळेत जाऊन, माझ्या हातचा मार खाऊन, पहिल्या वर्गात पास होऊन ते विसरलात.

गार पाण्याने आंघोळ करा असं मी कोणालाही सांगत नाही. माझे गुडघे मलाही गरम पाणी मागतात. म्हाताऱ्यांना, बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला हवं तेवढं द्या. मी विचारते आहे ते धडधाकट माणसांना, ज्यांना हिशोब येतो आणि तो करायचा कंटाळा आहे.

आता कामं सांगते, लिहून घ्या. येत्या रविवारी सकाळी कमिटीने गच्चीवर जायचं, हवेच्या नळीचं बूच काढायचं, नळ्या मोजायच्या, पुसायच्या. प्लंबरकडून क्षार काढून घ्यायचा आणि प्रत्येक बाथरूममध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्यायचे. पाईपांना वेष्टण आणि परतीची नळी यांचा अंदाजपत्रकी खर्च आणायचा आणि शेजारी ४८ नव्या गिझरांचा खर्च मांडायचा. ज्यांच्याकडे गिझर आहेच त्यांनी थर्मोस्टॅट ७५ वरून ६० वर आणायचा. त्याखाली फार उतरवू नका. साठवलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेलासारखे जिवाणू वाढतात. टाकीतला मॅग्नेशियमचा दांडा झिजला असेल तर बदला, नाहीतर टाकी गंजेल. शॉवरला मिनिटाला सहा-सात लिटर सोडणारी चकती लावा. आणि मिळकत कराच्या सवलतीचं काय करायचं, ते खजिनदारबाईंनी स्वतः महापालिकेत जाऊन विचारून यायचं.

ठराव रद्द करण्याची लेखी सूचना मी आजच सचिवाच्या हातात दिली आहे. विशेष सभा बोलवायला आणखी सह्या लागतील. सूचक म्हणून माझी सही झाली, अनुमोदकाची ओळ कोरी आहे. उष्णतेच्या धड्याला पूर्ण गुण मिळवणाऱ्यांपैकी कोण येतं, ते शुक्रवारपर्यंत बघते. नंतर नावं वाचून दाखवीन.